मुराकामी कलेक्शन अपडेट: सेरीज स्पीडी आली, हँडल बदलणार नाहीये

मंडळी, सेरीज स्पीडी २५ ही बॅग घरी आली एकदाची! लुई व्हिटॉन या फ्रेंच कंपनीसाठी जपानी चित्रकार ताकाशी मुराकामींनी २००५ मध्ये केलेली चेरीवाली लिमिटेड एडिशन, ब्राऊन मोनोग्रामवर (कंपनीच्या एलव्ही अक्षरांच्या नक्षीवर) लाल हसऱ्या चेरी. २००३ ची पांढरी मल्टीकलर माझ्याकडे आहेच, ३३ रंगांची, पण जीव अडकला होता तो या चेरीत.

मुंबईच्या एका रिसेलरकडून घेतली. पैसे देण्याआधी डेटकोडचा, म्हणजे बॅग कधी बनली ते सांगणाऱ्या कोडचा, फोटो मागवला, आतल्या खिशाजवळच्या छोट्या चामडी पट्टीवर एसपी ००४५ असं आहे. १९९० ते २००६ च्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा म्हणजे महिना, दुसरा आणि चौथा म्हणजे वर्ष, म्हणजे ही एप्रिल २००५ ची. कोड जुळला म्हणजे बॅग खरी असं मात्र अजिबात धरू नका, नकली माल बनवणारेही बरोबर कोड छापतात, म्हणून मी शिलाई, स्टॅम्पिंग आणि चेनचे क्लोजअपसुद्धा मागवले आणि ओळखीच्या दोन जुन्या कलेक्टर मैत्रिणींना दाखवले.

आता मुद्द्याचं. हँडल. वीस वर्षांचं व्हॅचेटा आहे हे, वनस्पतींच्या टॅनिननं कमावलेलं आणि वर कोटिंग नसलेलं चामडं, नवीन असताना फिकट, जवळजवळ पांढरट असतं आणि ऊन, हवा, हाताचं तेल लागून लागून मधाच्या रंगाचं होत जातं. आपली कोल्हापुरी जशी घालून घालून गडद होते ना, तसंच. माझ्या बॅगेचं हँडल मधोमध, जिथे मूठ बसते तिथे, चांगलंच तपकिरी झालंय आणि खाली जिथे ते बॅगेला शिवलंय तिथे अजून सोनेरी आहे, पिवळा दोरा शाबूत आहे, कडेचा लाल रंग मात्र एका बाजूने उडालाय. पाहिलं त्या प्रत्येकाने सांगितलं की कंपनीकडून हँडल बदलून घे, नवी कोरी दिसेल. मला नाही पटत. वीस वर्षांच्या कॅनव्हासवर कोरं पांढरं हँडल लावलं की दोन वेगळ्या बॅगा जोडल्यासारखं दिसतं आणि २००५ चं चामडं गेलं ते गेलंच, ते परत कुठून आणणार? अभिनेत्री-गायिका जेन बर्किनची स्वतःची पहिली बर्किन (तिच्याच नावाची एर्मेस कंपनीची बॅग) जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात ८६ लाख युरोला गेली, घासलेली, स्टिकरच्या खुणा असलेली, नेलकटर लटकवलेली! वापर दिसतो म्हणूनच ती बॅग तिची आहे.

चामडं तुटायला आलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बदला. नुसत्या रंगासाठी नको. लिंबू, ब्लीच वगैरे लावून डाग उजळवायचे व्हिडिओ फिरतात तेही कृपा करून करू नका.

पावसाळ्याची तयारी झालीये. पुण्यात जुलै-ऑगस्टला कपाटात बुरशी धरते, त्यामुळे प्लास्टिक बंद, सगळ्या बॅगा सुती डस्टबॅगमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा ह्युमिडिटी मीटर. आत भरायला वर्तमानपत्र नाही, शाई लागते, आईच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे भरलेत, मस्त आकार राहतो. सिलिकाचा अतिरेकही नको, व्हॅचेटा कोरडं पडून तडे जातात. आणि आतलं अस्तर अधूनमधून हात घालून बघत जा, त्या काळातल्या काही मॉडेल्सचं आतलं कोटिंग दमट हवेत चिकट होऊन सोलायला लागतं.

मुराकामी बॅगांची २०२५ ची री-एडिशन (नव्याने काढलेली आवृत्ती) घ्यायची का म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. सुंदर आहे, नक्की घ्या आवडली तर, पण त्यात चिप असते, डेटकोड नसतो, २०२१ पासून कोड बंदच झालेत, आणि मला हा कोड वाचण्यातच अर्धी मजा येते.

पुढचं टार्गेट मुराकामींचीच २००३ ची चेरी ब्लॉसम पोशेट (छोटी बॅग). एक बघून ठेवलीये, विकणारीकडून कोडचा फोटो यायचाय, शेवटचा आकडा ३ निघाला तर पुढे बोलणी. तोवर एक विचारायचंय, कडेचा उडालेला लाल रंग पॅटिनाला (वापरून चामड्याला चढलेल्या रंगाला) धक्का न लावता फक्त कडेपुरता भरून देणारं कुणी कारागीर कॅम्पात किंवा पेठांमध्ये माहीत असेल तर सांगा, आणि त्यांच्या हातचं काम झालेल्या बॅगेचा फोटोही टाका.