अप्पांचं दुरुस्तीचं टेबल आणि त्यावर वाजलेलं जग

अप्पांच्या दुरुस्तीच्या टेबलाला डाव्या कोपऱ्यात एक काळा डाग आहे. तापलेलं सोल्डरिंग आयर्न तिथे टेकवायची त्यांना सवय होती, तीस-पस्तीस वर्षांची. आज त्याच टेबलावर आमच्या दुकानाचा रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल आहे. नवीन टेबल घ्या असं सांगणारे बरेच भेटले, पण हे सागवानी आहे, जड आहे, शेजारून ट्रक गेला तरी सुई हलत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते बदलायचं नाही.

दुकान मुळात अप्पांचं. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या अलीकडे, जिन्याखाली दीड खणाची जागा. रेडिओ, टू-इन-वन, एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा रेकॉर्ड चेंजर, काहीही आणा, अप्पा उघडून बसायचे. पुढे वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा फेकून देणं लोकांना स्वस्त वाटू लागलं आणि काम आटत गेलं. मी बीकॉम करून एका कचेरीत हिशेब लिहीत होते. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दुकानात बसायला आले आणि मग परत गेलेच नाही.

त्याच महिन्यात कॅम्पातल्या एका बंगल्यातून गॅरार्डचा चेंजर दुरुस्तीला आला. घर रिकामं करत होते. मजुरीचे पैसे दिलेच, वर एक खोका ठेवून गेले, “हे कोणी ऐकत नाही आता, तुम्हीच ठेवा.” आत एकतीस एलपी. चेंजर नीट फिरतो का बघायला अप्पांनी वरची रेकॉर्ड लावली. अमेरिकी जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’, १९७३चा. पहिलंच गाणं ‘कमेलियन’, पंधरा मिनिटांच्या वर चालणारं. सुरुवातीला एकटा बास येतो, जाडजूड, डुलत चालल्यासारखा. अप्पांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “ताई, ही गिटार नाही. हा ऑसिलेटर आहे.” रेडिओ मेकॅनिकचा कान! मी नंतर शोधलं. तो बास आर्प ओडिसी नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे ऑसिलेटरमधून सूर काढणाऱ्या विजेच्या वाद्यावर, वाजवलेला आहे.

त्याच रेकॉर्डवर पुढे ‘वॉटरमेलन मॅन’ सुरू होतं, ते तालवादक बिल समर्सने बिअरच्या बाटलीत फुंकून काढलेल्या आवाजाने. मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या लोकांची एक पद्धत आहे, एकच सूर देणारी शिट्टी आणि मधल्या जागेत स्वतःचा गळा, असं आलटूनपालटून. त्याची ती नक्कल. आम्ही दोघांनी ती बाजू त्या दुपारी तीनदा ऐकली. धंदा बदलायचा निर्णय तिथे झाला असं मी म्हणणार नाही, पण दुकानात पुन्हा कुणीतरी काहीतरी मन लावून ऐकत होतं, हे मला फार दिवसांनी दिसलं होतं.

बारा वर्षांपूर्वी पाटी बदलली. ‘दुरुस्ती’च्या खाली ‘रेकॉर्ड खरेदी-विक्री’ लिहिलं. भाडं निघालं ते हिंदी सिनेमाच्या आणि नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर, आणि आजही अर्धा गल्ला त्यावरच भरतो. ते लपवायचं कारण नाही. त्या रेकॉर्ड आहेत म्हणून मी बाकीच्या ठेवू शकते.

पहिली मोठी चूक मी शिफारशीतच केली. एक तरुण इंजिनिअर आला, म्हणाला जॅझ ऐकायला सुरुवात करायची आहे, सगळ्यात भारी काय आहे ते द्या. मी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ दिला. नाव मोठं, मान मोठा. चौथ्या दिवशी त्याने तो नीट कव्हरमध्ये घालून परत आणला, मी पैसे परत केले, आणि तो पुन्हा कधी आला नाही. मला आजही त्याची हळहळ वाटते. ऑगस्ट १९६९मध्ये न्यू यॉर्कला तीन दिवसांत रेकॉर्ड झालेला हा दोन तबकड्यांचा जोड अल्बम. एकाच वेळी दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो, दोन बास, एकाहून जास्त ड्रमर. त्यानंतर निर्माता टिओ मसेरोने टेप कापून, जोडून, तुकडे पुन्हा वापरून रचना उभी केली. इतकं सगळं एका नवख्या माणसाच्या अंगावर एकदम ओतायचं नसतं. तो अल्बम दहाव्या पायरीवरचा आहे. मी त्याला पहिल्या पायरीवरच तिथे नेऊन उभं केलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न आधी विचारला जातो, “घरी काय ऐकता?” भजन, लावणी, मेहदी हसन, काही चालेल. कान कोऱ्या पाटीसारखा कुणाचाच नसतो. त्यात जे आधीच बसलंय त्याच्या शेजारी नवीन रेकॉर्ड ठेवायची, एवढंच आमचं काम.

हे मला नीट शिकवलं ते एका तबल्याच्या मास्तरांनी. डी. व्ही. पलुसकरांची रेकॉर्ड शोधत आले होते. दुकानात गायक आणि सॅक्सोफोनवादक फेला कुटीचं ‘वॉटर नो गेट एनिमी’ चालू होतं, १९७५चं, नायजेरियाचं. मास्तर खोका चाळता चाळता थांबले. उजव्या हाताची बोटं खोक्याच्या कडेवर सुरू झाली, मग डावा हात, मग त्यांनी डोळे मिटले. बरोबर चौथ्या आवर्तनाला त्यांनी समेवर हात ठेवला आणि मला विचारलं, “वाजवतोय कोण हा?” फेलाचा ड्रमर टोनी ॲलन, म्हटलं. “ठेका हलवत नाहीये तो, भरणा बदलतोय. आणि चारही हातापायांनी वेगवेगळं बोलतोय.” स्टूल ओढून बसले, बाजू संपेपर्यंत उठले नाहीत. मग मी त्यांना सांगितलं की टोनी ॲलन लागोसमध्ये रेडिओ केंद्रावर तंत्रज्ञाची नोकरी करत होता, ड्रमकडे वयाच्या अठराव्या वर्षी वळला, आणि बराचसा आपला आपण शिकला. आतून अप्पा म्हणाले, “रेडिओवाला आहे होय!” त्यांचा आनंद मी विसरणार नाही.

फेलाकडे गाणं एकेक बाजूभर चालतं. आधी वाद्यं जम बसवतात, मग सॅक्सोफोन, आणि तो गायला लागतो तेव्हा पाच-सहा मिनिटं सहज गेलेली असतात. ज्यांना ख्यालाची सवय आहे त्यांना या वाट बघण्याचा त्रास होत नाही, हा माझा अनुभव आहे. ‘झॉम्बी’ मात्र मी देताना गोष्ट सांगूनच देते. हुकूम आला की चालणाऱ्या, हुकूम आला की थांबणाऱ्या सैनिकांवरचं ते गाणं. फेब्रुवारी १९७७मध्ये सैनिकांनी फेलाच्या वस्तीवर हल्ला केला, ती जाळली, त्याच्या आईला खिडकीतून खाली फेकलं. फुनमिलायो रॅन्सम-कुटी, नायजेरियातल्या स्त्रियांच्या चळवळीतलं मोठं नाव. पुढच्या वर्षी त्या गेल्या. नाचायला लावणारं संगीत आहे आणि त्याची किंमत कुणीतरी अशी मोजली आहे, हे घेणाऱ्याला माहीत असावं.

मास्तर मग दर शनिवारी येऊ लागले. त्यांना फंक या ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकी संगीताचा गायक जेम्स ब्राउन ऐकवला आणि सांगितलं की हा आपल्या वादकांना सारखं पहिल्या मात्रेवर या म्हणायचा, त्याला ते ‘द वन’ म्हणतात. “म्हणजे सम,” मास्तर म्हणाले, आणि विषय संपला. फंकवर मी वर्षभर वाचलेलं त्यांनी एका शब्दात बसवलं. त्यांना सगळ्यात जास्त लागला तो माइल्स डेव्हिसचाच ‘ऑन द कॉर्नर’, १९७२चा. त्यात तबला आहे, बादल रॉयचा. मूळच्या कव्हरवर वादकांची नावंच नव्हती. मास्तरांनी आमच्या प्रतीच्या आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलने ते नाव लिहून ठेवलंय. त्यामुळे प्रतीची किंमत थोडी उतरली असेल. मी ते खोडणार नाही.

आलापाची गोडी असलेल्यांना मी फंकाडेलिक या बँडचा ‘मॅगट ब्रेन’ देते, १९७१चा, डेट्रॉइटचा. पहिलं गाणं दहा मिनिटांचं आणि जवळजवळ सगळं गिटारचं. बँडचा प्रमुख जॉर्ज क्लिंटनने गिटारवादक एडी हेझलला सांगितलं होतं, आई गेल्याची बातमी आताच कळली आहे असं समजून वाजव. मुलगा वीस-एकवीस वर्षांचा. त्याने जे वाजवलं ते ऐकून क्लिंटनने मिक्स करताना बाकीची वाद्यं जवळपास पुसून टाकली. हे गाणं मी दुकानात गर्दी असताना कधीच लावत नाही.

मधल्या काळात दोन फटके बसले. परदेशातून मागवलेलं साठ रेकॉर्डचं पार्सल उन्हात कुठेतरी पडून राहिलं असावं. उघडलं तर निम्म्याहून जास्त तबकड्या पापडासारख्या वाकलेल्या. विकणारा म्हणाला वाहतूकवाल्याला विचारा, वाहतूकवाला म्हणाला पॅकिंग कच्चं होतं. आठ महिन्यांची पुंजी त्यात होती. अप्पांनी दोन जाड काचांमध्ये एकेक दाबून ठेवली, काही सरळ झाल्या, बाकीच्या गेल्या. दुसरा फटका पावसाचा. एका जुलैत मागच्या भिंतीला ओल आली आणि खालच्या रांगेवर बुरशी चढली. एलपी वाचतात, कव्हरं वाचत नाहीत. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, आणि खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. जुन्या लाखेच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोल लावू नका, लाखच विरघळते. हे मी प्रत्येकाला सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

त्या वर्षी दुकान बंद करावं असं मनात आलं होतं. सावरलं ते ‘महिन्याची एक’ने. गिऱ्हाईक महिन्याला ठरलेली रक्कम देतं, रेकॉर्ड मी निवडते, सोबत हाताने लिहिलेलं एक पान. नाही आवडली तर परत. भजनी मंडळातल्या एका काकूंना मी ॲलिस कोल्ट्रेनचा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ पाठवला होता, १९७१चा. नवरा, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, १९६७मध्ये गेला, पदरात लहान मुलं, आणि ही बाई हार्प हे तारांचं वाद्य घेऊन स्वामी सच्चिदानंदांच्या नावाने रचना करते. खाली तंबोरा आहे, वर फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन. काकूंचा फोन आला, “अगं, एकादशीला लावली होती. सगळ्या गप्प बसून ऐकत होत्या.” पुढच्या महिन्यात मंडळातून आणखी तीन नावं आली.

सायकेडेलिक, म्हणजे गुंगी आणणारा, रॉक आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मुलाने आणला, माझा कान तिथे उशिरा पोचला. जर्मनीतल्या कोलोनच्या ‘कॅन’ या बँडचा ‘टागो मागो’ त्याने महिनाभर लावला तेव्हा मला कळला. ‘हॅलेलुवाह’ हे अठरा मिनिटांचं गाणं ऐका, ड्रमर याकी लीबेत्साइट एकच ठेका धरून बसतो आणि त्या ठेक्यातच तुम्ही कुठेतरी लांब जाता. गायक दामो सुझुकी त्यांना म्युनिकच्या रस्त्यावर गाताना सापडला आणि त्याच संध्याकाळी मंचावर उभा राहिला. दुसरी तबकडी अवघड आहे, पहिली मुरल्याशिवाय तिला हात लावू नये असं माझं मत आहे. झांबियाचं रॉकही आता आम्ही ठेवतो, अमानाझ या बँडचा ‘आफ्रिका’ विशेषतः.

एक रेकॉर्ड मात्र विकायला नाही. ‘हम दोनो’, १९६९, लंडन. जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट आणि मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या घरातला गिटारवाला अमानसियो डिसिल्वा. मूळ प्रत माझ्या आवाक्यातली नाही, आमची नंतर छापलेली आहे. डिसिल्वाच्या बोटांत जॅझ आहे आणि आपले स्वरही आहेत, आणि एकाने दुसऱ्याला वाट करून देण्यासाठी कुठे थांबावं लागत नाही. गोव्याची आणि मुंबईची कितीतरी माणसं सिनेमाच्या वाद्यवृंदात नाव न लागता वाजवत राहिली. या एकाचं नाव कव्हरवर आहे, ठळक अक्षरांत. अप्पांना अक्षरं आता नीट दिसत नाहीत, पण कव्हर हातात घेऊन बसतात.

शनिवारी साडेसातला शटर अर्ध्यावर येतं, सतरंजी पडते, पंधरा माणसं बसतात, चहा समोरच्या टपरीवरून. या शनिवारी ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ आहे, १९७२चा. मुलातू अस्तात्के वेल्समध्ये आणि मग बोस्टनला शिकला आणि आपल्या देशाचे पाच स्वरांचे साचे घेऊन जॅझकडे गेला. त्या साच्यांपैकी टिझिटाच्या एका प्रकाराचे स्वर आणि आपल्या भूपाचे स्वर अगदी एकच आहेत. मास्तर पेटी घेऊन येणार आहेत, आधी भूप वाजवून दाखवतील. जागा अरुंद आहे, चपला बाहेरच काढा.