मर्क्युरी डाइम, जंक सिल्व्हर आणि माझा निम्मा भरलेला फोल्डर

मंडळी, बरेच दिवस नुसतं म्हणत होते की जुनी अमेरिकन चांदीची नाणी जमवायची, तर केली एकदाची सुरुवात. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली आणि पर्समधल्या सुट्ट्यांकडे कधी धड बघितलं नव्हतं. आता फोल्डर (प्रत्येक साल आणि टांकसाळीच्या नाण्यासाठी एकेक खाच असलेला पुठ्ठ्याचा अल्बम) जवळपास निम्मा भरलाय, म्हणून म्हटलं आत्तापर्यंतचं सगळं एकदा लिहून काढावं, नवीन लोकांना उपयोग होईल आणि जे मुरलेले आहेत ते सांगतीलच काय सुधारायचं ते.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत १९६४ पर्यंतचे डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर (५० सेंट) म्हणजे ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. १९६५ च्या कॉइनेज अ‍ॅक्टने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण काढून टाकली, हाफ डॉलरमध्ये ४० टक्के ठेवली पण तीही १९७० पर्यंतच. चांदीचा भाव चढत चालला होता आणि औंसाला १ डॉलर ३८ सेंटच्या वर गेला की दहा डाइम वितळवून डॉलरपेक्षा जास्तीची चांदी हातात येते, मग कोण ते सुट्टे म्हणून खर्च करणार? त्यात सुट्ट्यांची टंचाई एवढी की टांकसाळी १९६४ हीच तारीख घालून १९६६ पर्यंत चांदीची नाणी पाडत राहिल्या. म्हणून १९६४ ची नाणी बघाल तिथे सापडतात आणि त्यांना चांदीच्या भावावर फार काही मिळत नाही, कुणी 'रेअर आहे' म्हणून विकायला आला तर हसून पुढे जा.

वापरून झिजलेल्या ९० टक्केवाल्या मालाला इथे जंक सिल्व्हर म्हणतात. नावावर जाऊ नका. दुकानात काउंटरवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ढीग असतो आणि भाव 'टाइम्स फेस'मध्ये सांगतात, म्हणजे नाण्यावरच्या किमतीच्या किती पट. हिशोब सोपा आहे, एक डॉलर फेसच्या चांदीच्या नाण्यांमध्ये नवीन असताना ०.७२३४ ट्रॉय औंस चांदी होती, झीज धरून बाजारात ०.७१५ धरतात. समजा स्पॉट, म्हणजे चांदीचा त्या वेळचा औंसाचा बाजारभाव, ३० डॉलर आहे, तर ३० गुणिले ०.७१५ म्हणजे साडेएकवीसच्या आतबाहेर, म्हणजे एका डाइमची चांदी सव्वादोन डॉलरच्या जरा खाली. हा आकडा मनात ठेवूनच दुकानात शिरायचं, मग दुकानदार किती वर लावतोय ते लगेच कळतं. हा भाव हलताना इतका हलतो की सकाळचा रेट दुपारी नसतो, त्यामुळे मी दर वेळी थोडंथोडं घेते, एकदम ढीग नाही. गुंतवणूक म्हणून करणाऱ्यांनी करावी, माझा तो उद्देश नाही आणि खरं सांगायचं तर नुसतं वजनाने घेऊन डब्यात भरून ठेवणाऱ्यांशी माझं फारसं जमत पण नाही.

आता कुठली सिरीज घ्यायची यावर मी बराच घोळ घातला. मॉर्गन डॉलर (जुनं चांदीचं एक डॉलरचं नाणं) सगळ्यांना आवडतो, मोठा, जड, २६.७३ ग्रॅमचा, पण एकेक नाणं महाग आणि खोटी नाणी सगळ्यात जास्त त्याचीच. वॉशिंग्टन क्वार्टरमध्ये १९३२ चे डी आणि एस (टांकसाळींच्या खुणा, पुढे सांगते) सोडले तर सगळं सोपं, पण डिझाइन मला बोअर वाटतं, रोज बघतोच की तो चेहरा. शेवटी मर्क्युरी डाइमवर थांबले, १९१६ ते १९४५. अडॉल्फ वाइनमन नावाच्या शिल्पकाराचं डिझाइन, लिबर्टीच्या डोक्यावर पंख असलेली टोपी आहे, लोकांना ती रोमन देव मर्क्युरीच वाटली आणि तेच नाव पडलं. मागच्या बाजूला काठ्यांची बांधलेली मोळी, त्यात कुऱ्हाड, भोवती ऑलिव्हची फांदी. १७.९ मिलिमीटरचं एवढंसं अडीच ग्रॅमचं नाणं आणि त्यात इतकं काम! शिवाय पूर्ण सेट म्हणजे ७७ नाणी, खूप नाही, कमी नाही. १९२२, १९३२ आणि १९३३ ची तर नाणीच पाडली नाहीत, फोल्डरमध्ये त्या सालांची खाच शोधत बसू नका.

मी ठरवून झिजलेलीच घेते. चकचकीत अनसर्क्युलेटेड नाणं म्हणजे जे टांकसाळीतून निघून पिशवीत पडलं आणि तिथेच राहिलं, त्याने एक पाव पण विकत घेतला नाही कधी. माझ्याकडचं १९१७ चं डाइम साबणाच्या चिपटीसारखं गुळगुळीत झालंय, ते किती खिशांतून, किती ट्रामच्या कंडक्टरांकडून फिरलं असेल. आणि झीज वाचायला शिकणं हाच या छंदातला सगळ्यात मजेशीर भाग आहे असं माझं मत झालंय.

मर्क्युरीमध्ये झीज बघायची मागच्या मोळीवर. ग्रेड म्हणजे नाणं किती टिकलंय त्याची पायरी, इथे खालून वर सांगते. गुड ग्रेडला काठ्या सगळ्या एकत्र होऊन सपाट पट्टी झालेली असते आणि कडा अक्षरांपर्यंत घासत आलेली असते. व्हेरी गुडला साधारण निम्म्या काठ्यांच्या रेघा दिसतात. फाइनला सगळ्या काठ्या वेगळ्या दिसतात पण मधल्या तिरक्या बंधांची उंची गेलेली असते, आणि व्हेरी फाइनला ते तिरके बंध दिसायला लागतात. पुढून कानावरचे केस आणि पंखाची पिसं बघायची. सुरुवातीला भिंग घेऊन दहा मिनिटं एकेक नाणं बघायचे, आता टेबलावर पसरलं की नजर आपोआप मोळीवर जाते. दुकानात ट्रेमधून निवडायला मिळत असेल तर फाइन आणि त्याच्या वरची वेचायची, भाव तोच असतो, फक्त विचारून घ्या निवडू देतात का, काही ठिकाणी नाही चालत आणि ते बरोबरच आहे, राहिलेला गाळ कोण घेणार.

टांकसाळीची खूण मागच्या बाजूला खाली, मोळीच्या पायथ्याशी डावीकडे असते. डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. १९१६ डी हे या सिरीजमधलं सगळ्यात नावाजलेलं, फक्त २,६४,००० पाडलेली, अगदी गुळगुळीत असलं तरी शेकड्यांनी डॉलर मोजावे लागतात. म्हणूनच साध्या (खूण नसलेल्या) १९१६ वर डी चिकटवून विकणारे महाभाग आहेत. नाणं तपासून ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीशिवाय (स्लॅब) हे नाणं घेऊच नका, ओळखीचा असला तरी. १९२१ आणि १९२१ डी पण कमी आहेत, दहा-बारा लाखांच्या घरात. बाकी १९३४ पासून १९४५ पर्यंतची ३५ नाणी म्हणजे फोल्डरचा जवळपास निम्मा भाग, ती ढिगातून आरामात मिळतात, फक्त डी आणि एस शोधायला जरा वेळ द्यावा लागतो.

जंक ट्रेमध्ये अजून एक गंमत सापडते ती म्हणजे तारीख नसलेली स्टँडिंग लिबर्टी क्वार्टर. १९१६ ते १९३० चालली ती, हर्मन मॅकनीलचं डिझाइन, लिबर्टी उभी आहे आणि तिच्या पायाखालच्या पायरीवर तारीख. पायरी उचललेली, त्यामुळे तारीख आधी घासली जायची. शेवटी १९२५ पासून तारीख खोलगट भागात घेतली, त्यानंतरच्यांच्या तारखा टिकल्या. आधीच्यांचे नुसते गोल उरलेत, पण चांदीच्या भावात मिळतात आणि मला जाम आवडतात, अशी दोन-चार वेगळी ठेवलीत.

आता हे वाचताना आपल्याकडच्या लोकांना गंमत वाटेल. वॉकिंग लिबर्टी हाफ डॉलर, हाही वाइनमनचाच, १९१६ ते १९४७, साडेबारा ग्रॅम, ३०.६ मिलिमीटर. आपला पंचम जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅम आणि रुंदीला जवळपास तेवढाच. रुपयात चांदी जरा जास्त कसाची, पावणेब्याण्णव टक्के, पण हाफ डॉलर वजनाला जास्त म्हणून शुद्ध चांदी त्यातच थोडी जास्त निघते. दोन्ही हातात घेऊन बघा, भाऊ-भाऊच वाटतात.

आणि नातं नुसतं मापाचं नाही. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीची फार ओढाताण झाली, लोक नोटा घेऊन जायचे आणि चांदीचे रुपये मागायचे, सरकारकडे रुपये पुरेनात. तेव्हा एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेत पिटमन अ‍ॅक्ट झाला, नेवाडाच्या सिनेटर पिटमनच्या नावाने, आणि सरकारी तिजोरीतले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी औंसाला एक डॉलर भावाने ब्रिटनला विकली आणि ती गेली भारतात, मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत रुपये पाडायला. म्हणजे १९१८-१९ चे जे रुपये आजही सराफाकडे ढिगाने दिसतात, आपण लक्ष्मीपूजनाला ताम्हणात ठेवतो, त्यातल्या काहींमध्ये वितळलेले मॉर्गन डॉलर आहेत. मुंबईचा असेल तर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असतो, घरी असेल तर काढून बघा. त्याच कायद्याने वितळवलेल्या डॉलरांची भरपाई अमेरिकन खाणींच्या चांदीतून करायची होती, म्हणून १९०४ ला बंद पडलेला मॉर्गन १९२१ मध्ये परत आला. मी घरच्या १९१९ च्या रुपयाशेजारी १९२१ चा मॉर्गन ठेवलाय, तेवढा एकच मॉर्गन घेतला, सेट नाही करणार.

साफसफाईबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर पहिलं वाक्य, "अगं किती काळी पडलीत, दंतमंजन लाव आणि घास चांगली." देवघरातल्या निरांजनासाठी ठीक आहे आई, नाण्याला नाही. घासलं की पृष्ठभागावर बारीक चरे पडतात, भिंगाखाली लगेच दिसतात आणि संग्राहक तोंड फिरवतो. शिवाय खोलगट भागात साचलेला तो काळपट थर असतो ना, त्यामुळेच झिजलेल्या नाण्याचं डिझाइन उठून दिसतं. वर उजळ राखाडी, खोलात काळं, माझ्या मते यापेक्षा सुंदर चांदी दिसूच शकत नाही. चिकट हिरवं काही असेल तर ते पीव्हीसीच्या मऊ पाकिटामुळे येतं, ते शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतं, घासायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचं नाही, त्यात रंग, वास, काय काय असतं. ठेवायला मायलारची (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) पाकिटं किंवा पुठ्ठ्याचे दोन इंची होल्डर, त्यांच्या पिना पक्कडने दाबून सपाट करा नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे.

बँकेतून रोल (कागदात गुंडाळलेली नाणी) आणून शोधणं पण चालू आहे. कडा बघायची, सध्याच्या नाण्याच्या कडेला तांब्याची रेघ दिसते, चांदीच्याला नाही. डाइमच्या रोलमध्ये पन्नास असतात, सगळे एका बाजूला कडा करून लावले की चांदीचा एकटा पांढरा लगेच डोळ्यात भरतो. भरतो म्हणजे, भरला तर. बहुतेक वेळा काहीच निघत नाही आणि बँकेतली ताई आता मला बघून हसते. त्यापेक्षा निकलच्या (५ सेंटच्या नाण्यांच्या) रोलमध्ये मजा येते, १९४२ ते १९४५ चे वॉर निकल, ३५ टक्के चांदी, युद्धात निकल धातू वाचवायला केलेले. मागे माँटिसेलोच्या (जेफरसनच्या घराच्या) घुमटावर मोठ्ठं पी, डी किंवा एस अक्षर असतं, फिलाडेल्फियाने आपली खूण नाण्यावर घालायची ही पहिलीच वेळ. रंगाने मळकट दिसतात म्हणून लोकांच्या लक्षात येत नाहीत आणि अजून चलनात सापडतात. आणखी एक जागा, सुपरमार्केटमधल्या सुट्टे मोजायच्या मशीनचा रिजेक्टचा कप्पा. चांदीचं नाणं मशीन घेत नाही, लोक तसंच टाकून जातात. नवरा लांब उभा राहतो अशा वेळी, ओळख नसल्यासारखा.

खोट्यांसाठी माझ्याकडे ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा आणि लोहचुंबक आहे. चुंबकाला चिकटलं तर विषय संपला, पण नाही चिकटलं म्हणजे खरं असं पण नाही, वजन बघायचंच. झिजलेला डाइम अडीचच्या थोडा खाली भरतो, अडीचच्या बराच वर गेला तर शंका घ्या. डाइममध्ये साध्या तारखांची खोटी फारशी कुणी करत नाही, फायदाच नाही त्यात. आणि आपली जुनी रीत आहेच, बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकं टिचकायचं, चांदीचा नाद लांबतो, क्लॅडचा (चांदी नसलेल्या सध्याच्या नाण्याचा) थप्प होतो. महागड्या नाण्यावर हे करू नका.

तर आजची स्थिती अशी की १९३४ नंतरचं सगळं भरलं, आधीच्यात १९१६ साधं, १९१७ ते १९२० मधली फिलाडेल्फियाची आणि १९२३ साधं लागलंय, विशीतल्या डी आणि एसच्या रांगेत मोठमोठी भोकं आहेत. पुढच्या कॉइन शोला १९२६ एस शोधणार आहे, पंधरा लाखांच्या आसपासच पाडलेली, व्हेरी गुडमध्ये परवडेल असं दिसतंय. १९२१ ची जोडी नंतर, आणि १९१६ डीची खाच रिकामीच राहणार आहे, त्या पैशात अख्खा वॉकिंग लिबर्टीचा छोटा सेट होईल, १९४१ ते १९४७ वाला.

माझ्याकडे १९४१ एस, १९४३ डी आणि १९४४ साधी बऱ्याच जास्तीची आहेत, फाइन किंवा वर. कुणाकडे १९२७ डी किंवा १९२८ डी जास्तीची असतील, झिजलेली चालतील पण न घासलेली, तर बदली करू. आणि बार्बर डाइम (मर्क्युरीच्या आधीची सिरीज) सुरू केलेल्या कुणी सांगा, गुडच्या खालच्या नाण्यांची तारीख फोल्डरमध्ये बसवल्यावर दिसते का नीट, की सरळ होल्डरमध्येच ठेवावीत?