शोधायचं नाही, तर दाखला कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी दत्तक आहे हे कळल्यावर लोक बरंच काही विचारतात, पण मूळ जन्मदाखल्याचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: "जन्मदात्या आईला शोधायचं नाही म्हणतेस, मग तो जुना कागद कशाला हवाय?" आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून, "आईबाबांना काय वाटेल?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. त्यांना काही वाटलं नाही. बाबांनी फाइल काढून दिली आणि आई म्हणाली, "तुझंच आहे ते." (वाटलं असतं तरी माझं म्हणणं बदललं नसतं, पण ते असो.)

आता दाखला. माझ्याकडे जो आहे त्यात आईच्या रकान्यात आईचं नाव आहे, वडिलांच्या रकान्यात बाबांचं. माझे आईवडील कोण, याचं ते खरं उत्तर आहे. पण जन्माची नोंद म्हणून वाचलं तर त्या तारखेला आईने मला जन्म दिला असं होतं. प्रत्यक्षात मी या जगात आहे हेच तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. खाली नोंदणीची तारीख आहे, ती जन्मानंतर बऱ्याच उशिराची. कुठल्याही खिडकीवरचा माणूस त्या दोन तारखा पाहतो, मान वर करून माझ्याकडे पाहतो आणि मग शिक्का मारतो.

त्याआधी काय लिहिलं गेलं, हे कुठल्यातरी दप्तरात आहे. ते सांभाळणारा कारकून वाचू शकतो. ज्या बाळाबद्दल ते लिहिलंय, त्याला मोठं झाल्यावरही परवानगी मागावी लागते. माझी तक्रार एवढीच आहे. कुणाला भेटणं वेगळं आणि स्वतःची नोंद वाचणं वेगळं.

हे काही जगावेगळं मागणं नाही. स्कॉटलंडमध्ये दत्तक व्यक्तींना 1930 च्या कायद्यापासून हा हक्क आहे. इंग्लंडने 1975 च्या कायद्याने तो अठरा वर्षांवरच्यांना दिला. अमेरिकेत राज्याराज्यांचं वेगवेगळं. तिथे बहुतेक राज्यांनी विसाव्या शतकात मूळ दाखले सीलबंद केले, पण कॅन्सस आणि अलास्काने ते सज्ञान दत्तकांसाठी कधीच बंद केले नाहीत. ओरेगनमध्ये 1998 साली लोकांनी मतदान करून ते उघडले, न्यूयॉर्कमध्ये 2020 च्या जानेवारीत उघडले. आयर्लंडने 2022 मध्ये कायदा केला.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, "आणि त्या बाईचं काय?" तो मी हसण्यावारी नेत नाही. जिने कोवळ्या वयात बाळ दिलं आणि घरात आजवर चकार शब्द काढला नाही, तिची भीती खरी असते. पण 'तिला गुप्ततेचं वचन दिलं होतं' हे अमेरिकेत तरी टिकत नाही. तिथे आईने हक्कसोडीवर सही केली म्हणून दाखला सीलबंद होत नाही; न्यायालयाने दत्तक मंजूर केल्यावर होतो. सही केली आणि मूल कुणी घेतलंच नाही, तर तिच्या नावाचा दाखला आहे तसाच राहतो. वचन तिला दिलेलं असतं, तर ते दुसऱ्या कुणी मूल घेण्यावर अवलंबून असतं का?

फ्रान्सची गोष्ट निराळी. तिथे बाईला नाव न सांगता बाळंत होण्याची मुभा कायद्यानेच आहे, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2003 मध्ये तो कायदा ग्राह्य धरला. त्यातून जन्मलेल्यांबद्दल मला वाईट वाटतं, पण तिथे वचन खरंच दिलं होतं, हे मान्य करावं लागतं.

मला ओरेगनची रीत पटते. दाखला मुलाला मिळतो, आणि जन्मदाती आई एक फॉर्म भरून कळवू शकते: थेट संपर्क चालेल, मध्यस्थामार्फत चालेल, किंवा नको. न्यूझीलंडने 1985 च्या कायद्यात जुन्या दत्तकांच्या बाबतीत आईला नाव रोखून धरण्याचा अधिकार दिला, दहा वर्षांचा आणि पुन्हा वाढवता येणारा. त्यात तिला नको असलेली भेट टळते खरी, पण मुलाचा कागदही अडतो.

आपल्याकडे 2022 च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः अर्ज करता येतो. बाळ सोपवताना आईवडिलांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. ती मिळाली नाही तरी कोणत्या परिस्थितीत सोपवलं, ते सांगावं लागतं. निदान दार किलकिलं आहे.

आणि गुप्तता जपायचीच असेल, तर डीएनए चाचणीचाही विचार करा. लाळेच्या नमुन्यावरून आज चुलत-मावस भावंडं सापडतात. म्हणजे जी गोष्ट एका कागदावरून फक्त मला कळली असती, ती आधी तिच्या भाच्यांना कळते.

माझ्या नोंदीत नाव नसेलही. रकाना कोरा असेल, किंवा घाईत सांगितलेलं खोटं नाव असेल. तरीही मी अर्ज केला आहे. शोधायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि 'नाही' असं ठरलं तरी अर्ज मागे घेणार नाही.