कोंबडीचं पीस आणि बुडणारी माशी

माशीने मासा धरायचा, हे ऐकायला जितकं गमतीचं वाटतं तितकं करायला नाही. गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेली पहिली माशी पूर्ण व्हायला मला सव्वा तास लागला. ग्लासभर पाण्यात टाकली, ती थेट तळाला गेली. मला तरंगणारी हवी होती, पाण्यावर बसलेल्या किड्यासारखी. दुसरी बुडाली, पाचवी बुडाली, नववीही. मी दोरा बदलला, मेण जास्त लावलं, बोटांना दोष दिला.

दोष पिसाचा होता. ओळखीच्या एकांनी पाळलेल्या कोंबड्यांची पिशवीभर पिसं दिली होती. फुकट ते पौष्टिक म्हणून मी त्यातली कोंबडीची मऊ पिसंच वापरत होते. त्यांचे तंतू एकमेकांत जाळीसारखे गुंतलेले असतात आणि पाणी शोषतात. तरंगायला हवं कोंबड्याच्या मानेचं पीस: लांब, अरुंद, चकचकीत, ताठ तंतूंचं.

पीस वाकवलं की तंतू उभे राहतात, तेव्हा त्यांची लांबी बघायची. गळाचं टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या साधारण दीडपट हवी. बुडाचा कापसासारखा भाग काढून टाकायचा, पिसाची दांडी दोऱ्याने गळाला बांधायची आणि टोक चिमट्यात धरून वेढे द्यायचे. इथे माझा दुसरा घोळ. गळाच्या नेढ्याजवळ शेवटच्या गाठीसाठी जागा सोडावी लागते, ती मी कधी सोडलीच नाही. नेढं दोऱ्याने बुजायचं, मग ब्लेडने सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी वेढे सुरू करण्याआधीच नेढ्यामागे पेनाने खूण करायला लागले. सोळावी माशी ग्लासात टाकली आणि जेवून आले, तरी ती वरच होती.

मग हाव सुटली. मोरपिसाच्या तंतूंचं अंग केलं, हिरवं झळझळीत. पहिल्याच माशाच्या दातांनी ते तुटलं. आता ते तंतू दोऱ्याशी पीळ देऊन मगच गुंडाळते. बदकाच्या पिसाचे पंख लावले, तर माशी हवेत भिंगरीसारखी फिरून दोरीला पीळ पडला. दोन्ही पंख मी एकाच पिसातून कापले होते. एक डाव्या पंखातल्या पिसाचा आणि एक उजव्या पंखातल्या पिसाचा घ्यायचा असतो, म्हणजे दोघांचा बाक समोरासमोर येतो.

दुर्मीळ पिसांच्या वाटेला मात्र मी गेले नाही. सॅमन मासा धरण्यासाठी जुन्या पद्धतीने बांधायच्या माश्यांना लागणाऱ्या रंगीत पिसांपायी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून पक्ष्यांचे २९९ नमुने चोरीला गेले होते. एवढा ध्यास मला परवडणारा नाही.

सगळ्यात मोठं नुकसान त्या फुकटच्या पिशवीनेच केलं. न धुता मी ती डब्यात ठेवली. काही आठवड्यांनी उघडली तर तळाशी भुगा, आणि विकत घेतलेल्या कोंबड्याच्या मानेच्या निम्म्या पिसांच्या नुसत्या दांड्या. पतंगाच्या अळ्या पिसं खातात, हे तेव्हा कळलं. आता नवीन पीस आलं की कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुते, पूर्ण वाळवते आणि बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवते. मग बाहेर काढून पुन्हा एकदा फ्रीझरमध्ये.

कोंबडीची पिसं टाकली नाहीत. तेच मऊ तंतू पाण्याखाली किड्याच्या पायांसारखे हलतात. बुडणाऱ्या माश्या आता मी त्यांच्याच बांधते, मुद्दाम.