वायफायचे हरवलेले चिन्ह
सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन (संगणकावर न बसवता थेट चालणारी लिनक्स प्रणाली) सुरू केले, तेव्हा बाकी सारे झकास चालले, पण वायफायचे चिन्ह काही दिसेना. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी वाचल्यावर उलगडा झाला: वायफायची चिप चालवणारा ड्रायव्हर जागेवर होता, मात्र चिपमध्ये चढवायची फर्मवेअरची (चिपच्या आतल्या प्रोग्रॅमची) फाइल त्याला सापडत नव्हती. माझ्या पेनड्राइव्हवर अकरावी आवृत्ती होती आणि असे मुक्त नसलेले (स्रोत खुला नसलेले) फर्मवेअर अधिकृत आवृत्तीसोबत मिळू लागले ते २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून. मग फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले, अशा सॉफ्टवेअरचा 'नॉन-फ्री' विभाग डेबियनच्या स्रोतांच्या यादीत घालून फर्मवेअरचे पॅकेज उतरवले, ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची नावे एकेक करून उमटली. हा सगळा खटाटोप रॅममध्येच, म्हणजे बंद करताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, होता, हे मला लॅपटॉप बंद केल्यावर आठवले.