एन्झियान वाढतो, फुलत मात्र नाही: माझा अनुभव

पानांची गादी हिरवीगार, दर वर्षी थोडी थोडी पसरणारी, आणि फूल एकही नाही. ज्यांच्या बागेत हे चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. मला त्या काळात एकच सल्ला मिळाला, ‘धीर धरा’, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्युनिकच्या बाहेर आमचा एक श्रेबरगार्टन आहे, म्हणजे भाड्याने घेतलेला बागेचा छोटा तुकडा. तिथे मला आल्प्समधला निळा एन्झियान हवा होता. शास्त्रीय नाव गेन्शियाना अकाउलिस. झाड जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर उंच, पानं जमिनीला चिकटून, आणि त्यावर बोटभर लांब कर्णा, इतका गर्द निळा की पहिल्यांदा पाहणारा वाकतोच. आपल्याकडे तापात ज्याचा कडू काढा देतात ते काडेचिराईत याच कुळातलं.

बी उगवण्यात काही अडलं नाही. त्याला थंडी लागते, म्हणून ओल्या वाळूत मिसळून सहा-आठ आठवडे फ्रिजमध्ये. पुढे रोपं, कुंड्या, वाफा. सगळं सुरळीत.

अडलं ते पुढे. मे महिना आला की मी रोज वाकून बघायची. काही नाही. जिथून बी घेतलं त्या रोपवाटिकेत विचारलं, तर म्हणाले, रोपं लहान आहेत. पुढच्या मे महिन्यात म्हणाले, हिवाळा सौम्य होता. त्यानंतर, धीर धरा. वाफ्यावर ऊन किती तास पडतं, माती कशी आहे, पाणी कधी घालता, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. ज्यांचा धंदाच हा, त्यांनी एवढं तरी विचारायला हवं. बागेत न फुलण्याबद्दल हा एन्झियान युरोपभर बदनाम आहे, हेही मला त्यांच्याकडून कळलं नाही.

मग मी डोंगरात जाऊन बघितलं. बव्हेरियाच्या चुनखडीच्या डोंगरांत याचा जुळा भाऊ क्लुसी असतो. त्याच्या घशात अकाउलिससारखे हिरवे ठिपके नसतात. तो उभा होता तिथे झाडाची सावली नावाला नव्हती. आखूड गवत, दगडगोट्यांची घट्ट माती, वरून सतत ओलावा. माझ्या वाफ्यावर शेजारच्या सफरचंदाच्या झाडाची सावली दुपारपासून पडायची.

बाजूच्या बागेतल्या आजोबांनी एका वाक्यात सांगितलं: “उचला आणि दुसरीकडे लावा. नाही फुलला तर पुन्हा उचला.” इथले जुने बागवाले हेच करतात. मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला अख्खी गादी उचलली, दिवसभर ऊन असलेल्या जागी जाड वाळू आणि खडी मिसळलेल्या मातीत लावली आणि पायाने चांगली दाबली. भुसभुशीत माती याला मानवत नाही.

पाण्याचं महत्त्वाचं: कळ्या आदल्या शरदातच धरतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माती सुकू द्यायची नाही. बाकी पिकांचं पाणी तेव्हा आपण कमी करत असतो आणि हा त्यात सापडतो. ऑक्टोबरमध्ये पानांच्या मधोमध टोकदार कळ्या दिसल्या तेव्हा मी वाफ्याशेजारीच बसले आणि आईला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

हो, गोगलगायी. त्या कळ्याच खातात, तेव्हा वसंतात संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचायच्या. आणि पानगळीत गादीवर पडलेली पानं काढत राहायची, नाहीतर खाली कुजतं.

मे महिन्यात फुलला. ढगाळ दिवशी फुलं मिटतात, घाबरू नका, ऊन आलं की उघडतात.

नव्याने सुरुवात करणार असाल तर बियांच्या मागे लागू नका. बियांपासूनची काही रोपं जातिवंत फुलणारी निघतात, काही कंजूष. मे महिन्यात फुलावर असलेलं रोपच कुंडीसकट विकत घ्या. डोंगरातून मात्र उपटून आणू नका, जर्मनीत तो कायद्याने संरक्षित आहे. माझी गादी आता चांगली मोठी झालीय. यंदा फुलं सरली की मुळांसकट झुपके वेगळे करणार आहे, पहिला आजोबांना.