सोमवारी उघडणारी वाट

"म्हशींना आता तुमच्या नाशिकचं नळाचं पाणी पाजू का?" सावरगावकडच्या एका आबांनी आज भर रस्त्यात विचारलं, तेही हसत.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाणारी त्यांची पायवाट एका नव्या बंगल्याच्या कंपाउंडमध्ये गेलीये. गेटवर पाटी, 'कुत्र्यांपासून सावधान'. आत कुत्रं-बित्रं काही नाही. गळ्यात शिट्टी अडकवून बसलेला वॉचमन म्हणजे आबांचा सख्खा पुतण्या. जमीन त्याच्याच बापाने विकलेली.

"मालक आला की हा मला ओळखत नाही. सोमवारी तोच गेट उघडून देतो."

म्हणजे आठवडाभर वाट गावाची, शनिवार-रविवार मुंबईची!

बंगलेवाल्यांवर सरसकट चिडण्यात अर्थ नाही. रोख मोजून घेतलीये जमीन, त्यातून इथे पोरींची लग्नं झाली, ट्रॅक्टर आले. पण १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. त्यामुळे सातबाऱ्यावर सगळे शेतकरीच. वावरात लॉन आणि स्विमिंग पूल, एवढाच काय तो फरक. हे मात्र झोंबतं.

आबांना म्हटलं, वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा टाकता येतो. गाव नकाशा काढा, मी येतो सोबत.

आबांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "टाकतो की. पुतण्याच्या पगाराचं तेवढं तुम्ही बघता का, भाऊ?"